दोघांनाही नको होता तो सल्ला

बाहेरून बोलावलेल्या माणसाला पहिल्या दिवशीचा चहा फार चांगला मिळतो. कपबशी, बशीच्या कडेला दोन बिस्किटं आणि समोर मालक स्वतः बसलेला. चार दिवसांनी तोच चहा पेल्यात येतो आणि बिस्किटं नाहीशी होतात. आणखी काही दिवसांनी कुणीतरी कामातून मान वर न करता म्हणतं, "मॅडम, आत केलाय, ओतून घ्या." हे कानावर पडलं की मी समजायचे, आता आपलं काम सुरू झालं. तोवर लोक मला फक्त दाखवायचं तेवढंच दाखवत असायचे.

मी सल्लागार होते. लहान नर्सिंग होम, दवाखाने, लॅब, चष्म्याची दुकानं, जे एकेकाळी जोरात चालायचं आणि आता चालेनासं झालंय अशा ठिकाणी मला बोलवायचे. मी डॉक्टर नाही. एका मोठ्या इस्पितळाच्या ऑफिसात बरीच वर्षं काढली आणि मग स्वतंत्रपणे हे काम करू लागले. माझे वडील परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणायचे. न विणता, न शिवता, दुसऱ्याच्या दुकानात नुसतं बसून पैसे कसले घेतेस, असं ते मला विचारायचे. मी त्यांना सांगायचे की घरातली अडचण घरच्यांना दिसत नाही असं नसतं. दिसते, पण ती बोलायची कुणी हे ठरत नाही. मग बाहेरचा माणूस आणायचा. तो बोलतो, सगळे त्याच्यावर रागावतात, आणि रागावून झालं की त्याला पैसे देऊन घालवता येतं. घरच्या माणसाचं तसं करता येत नाही.

दादरच्या एका दातांच्या डॉक्टरांकडे पेशंट यायचे आणि वाट बघता बघता उठून जायचे. मी दोन दुपारी तिथे बसले. आतल्या मशीनचा आवाज बाहेर असा यायचा की माझीच दाढ ठणकायला लागली. मी आतलं दार जाड बसवायला सांगितलं आणि बाहेरचा खडखडणारा जुना पंखा मुद्दाम तसाच ठेवायला लावला. एवढंच काम होतं ते. लालबागकडच्या एका लॅबच्या मालकांनी माझ्याआधी तिघांना बोलावलं होतं. तिघांनीही एकच सांगितलं होतं की मेव्हण्याला काउंटरवरून उठवा. मीही तेच सांगितलं. त्यांनी माझे आभार मानले आणि दुसऱ्या कुणाचा नंबर आहे का, असं विचारलं. मी दिला.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण कामातलं काही मनात राहिलं असेल तर ते ठाकूरद्वारचं प्रसूतिगृह.

तिथलं बोलावणं आलं ते मालकिणीच्या मुलाकडून. निखिल कारखानीस त्याचं नाव. उपनगरातल्या एका मोठ्या इस्पितळात रेडिओलॉजिस्ट, घरही तिकडेच. आम्ही माटुंग्याला कॉफी प्यायला भेटलो. त्याने आडवळण घेतलं नाही. आईचं वय झालंय, पेशंट येत नाहीत, तरी स्टाफ सगळा ठेवलाय, बिल्डिंग आज ना उद्या रिडेव्हलपमेंटला जाईल, तेव्हा प्रसूतिगृह बंद करणंच बरं, असं त्याचं म्हणणं होतं.

"मी सांगितलं तर मुलगा सांगतोय," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत तर जाणकार सांगतोय. एवढंच करा."

यात लबाडी नव्हती. माझी निम्मी कामं अशीच यायची. उत्तर ठरलेलं असायचं, ते वाचून दाखवायला कुणीतरी हवं असायचं. मी त्याला म्हटलं की आधी जाऊन बघते.

जुन्या इमारतीचे दोन मजले, लाकडी जिना, आत बारा खाटा आणि प्रत्येक खाटेशेजारी लोखंडी पाळणा. फिनेलचा वास आणि त्याखाली कुठेतरी बाळंतशोपेचा. डॉक्टर मालिनी कारखानीस पांढऱ्या साडीत, बुटक्या, पण आवाज असा की खालच्या गल्लीत ऐकू जावा. सगळे त्यांना नुसतं बाई म्हणायचे. मला बघून त्या म्हणाल्या, "या सल्लागार. निखिलने पाठवलंय म्हणजे बंद करायचा सल्ला घेऊनच आला असाल." अजून काहीच घेऊन आले नाही, असं मी म्हटल्यावर त्यांनी चहा मागवला. बिस्किटांसकट.

त्यांना माझ्याकडून वेगळंच हवं होतं. बाळंतपणं परत कशी येतील ते सांगा, म्हणाल्या. रंग काढायचा का, एसी बसवायचे का, हल्ली ते पॅकेज म्हणतात तसं काही करायचं का. गिरगावातली निम्मी माणसं त्यांच्या हातून जन्मली होती आणि ही गोष्ट त्या बढाई म्हणून नाही, पत्ता सांगावा तशी सांगायच्या.

मी पुढचे काही दिवस तिथे जाऊन बसले. एकच बाळंतीण होती, तीही सिस्टर हेलनची भाची. सिस्टर हेलन म्हणजे तिथल्या मुख्य नर्स, जवळच्याच वाडीतल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातल्या. तरुणपणापासून बाईंबरोबर होत्या. मी प्रत्येक ठिकाणी सगळ्यांना एक प्रश्न विचारायचे, तुम्ही मालक असता तर उद्या काय बंद कराल. कुणी म्हणायचं उधारी, कुणी म्हणायचं साहेबांच्या बायकोचे फोन. सिस्टर हेलननी जरा विचार केला आणि म्हणाल्या, "बाईंचं त्या खिडकीत बसणं." खिडकीतून जिन्याचं दार दिसायचं. कोण वर येतंय ते बघत बाई सकाळभर तिथे बसायच्या.

मग मी आसपासच्या वाड्यांतून हिंडले. बाळंतपणाच्या वयाच्या सुना डोंबिवलीला, विरारला, बदलापूरला गेल्या होत्या. जे टॉवरमध्ये राहायला आले होते ते मोठ्या इस्पितळाची गाडी मागवत. मागे राहिली होती ती घरातली म्हातारी माणसं. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली, वॉकर दाराशी उभा करून ठेवलेली, तिसऱ्या मजल्यावरून महिनोन्महिने खाली न उतरलेली. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानदाराला मी सहज विचारलं की धंदा कसा आहे. तो म्हणाला, "पूर्वी लहान मुलांचे डायपर पुढच्या फळीवर असायचे. आता मोठ्या माणसांचे असतात."

मी घरी आले आणि निखिलला आणि बाईंना एकत्र बसवून सांगायचं ठरवलं. सल्ला साधा होता. बाळंतपणं परत येणार नाहीत, एसी लावून तर नाहीच. पण बंद करायचीही गरज नाही. ऑपरेशन झालेली, पडून हाड मोडलेली, घरी बघायला कुणी नसलेली म्हातारी माणसं या गल्ल्यांमध्ये भरपूर आहेत. मोठी इस्पितळं त्यांना चार दिवसांत घरी पाठवतात आणि घरी लिफ्ट नसते. त्यांना महिना-दोन महिने ठेवून चालतं करायचं. परवाना तसा बदलून घ्यायचा. खाटा आहेत, नर्स आहेत, डॉक्टर तर आहेतच.

दोघांसमोर हे मांडल्यावर निखिल थंडपणे म्हणाला, "मी तुम्हाला यासाठी बोलावलं नव्हतं."

बाईंनी एका खाटेच्या दांडीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, "या खोल्यांतून मी माणसं जगात आणली. आता त्याच खाटांवर जगातून निघालेली माणसं ठेवू? माझ्याकडे आजवर या जिन्यावरून पाळणा खाली गेला, तिरडी नाही गेली."

दोघांनाही नको असलेला सल्ला देऊन मी जिना उतरले. सल्लागाराचं काम तिथे संपतं. पुढे त्या जागेचं काय झालं हे आम्हाला क्वचितच कळतं. कधी तिथून जाताना बोर्ड बदललेला दिसतो, कधी शटर ओढलेलं दिसतं, आणि आपण पुढे जातो. या कामात मला कशाची रुखरुख असेल तर याची.

दीड-दोन महिन्यांनी बाईंचा फोन आला. "अहो सल्लागार, मी तुमचं काही ऐकलेलं नाही. फक्त एक पाहुणी ठेवून घेतलीय. जरा बघून जा."

पाहुणी म्हणजे शेजारच्या चाळीतल्या प्रधानबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं होतं. खोली तिसऱ्या मजल्यावर, मुलगा बदलापूरला, त्याची नोकरी अशी की पहाटे घर सोडावं लागे. इस्पितळाच्या गाडीने त्यांना चाळीच्या दाराशी आणलं, पण वर कसं न्यायचं हे कुणालाच सुचेना. तेव्हा त्याच म्हणाल्या की मला कारखानीसबाईंकडे न्या, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केलीत. आणि बाईंना नाही म्हणता आलं नाही.

मी गेले तर बाई त्यांच्या पायांना व्यायाम देत होत्या, आणि तो कसा द्यायचा हे शिकवायला एक तरुण फिजिओथेरपिस्ट शेजारी उभी होती. त्या वयात बाई सगळं नव्याने शिकल्या. झोपून राहिलेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं, जेवताना ठसका लागला तर काय. त्या आणि सिस्टर हेलन संध्याकाळी एकमेकींवर प्रयोग करायच्या. एकदा मी वर गेले तर सिस्टर खाटेवर आडव्या आणि बाई त्यांना चादरीने सरकवत होत्या. दोघी इतक्या हसत होत्या की मी आल्याचं त्यांना कळलंही नाही. त्या दिवशी मला कुणी चहा विचारला नाही. आत जाऊन ओतून घेतला.

प्रधानबाईंच्या मागोमाग आणखी माणसं आली. पहिली भेट झाली की बाई बीपी बघायच्या आधी विचारायच्या, "तुमचं बाळंतपण माझ्याकडचं का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न, काय झालं होतं आणि ते आता कुठे असतं. एकदा त्या मला म्हणाल्या की सव्वा महिन्यानंतर माझ्याकडची बाई आणि मूल कुठे जातं ते मला कधी कळायचंच नाही, आता कळतंय.

अडचण आली ती बोर्डाची. बाहेर मोठ्या अक्षरांत 'प्रसूतिगृह' लिहिलेलं. मी म्हटलं, हा बदला. बाईंनी साफ नकार दिला. परवाना बदलीन, खाटा बदलीन, बोर्ड राहील. बायकांना काही वाटलं नाही, पण पुरुष यायला तयार होईनात. पहिले आले ते सामंत. मूळचे वेंगुर्ल्याचे, जन्म गिरगावातला, सगळी नोकरी एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर. बायको गेलेली, मूलबाळ नाही, पाय प्लास्टरमध्ये. दुसरी सोय असती तर ते आलेच नसते. त्यांचे कट्ट्यावरचे मित्र रोज संध्याकाळी खालून हाका मारायचे, "काय सामंत, पेढे की बर्फी?" सामंत वैतागून खिडकी लावून घ्यायचे आणि बोर्डावर निदान कपडा टाका म्हणून बाईंच्या मागे लागायचे. बाई त्यांना म्हणायच्या, "इथे येऊन गेल्याशिवाय तुमच्या गल्लीतला एकही माणूस मोठा झालेला नाही. लाजताय कसले?"

असे काही आठवडे गेले. प्रधानबाई चालायला लागल्या, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जाऊ लागल्या. पुढच्या आठवड्यात घरी जायचं ठरलं होतं. आणि एके दिवशी सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. बाईंनी करता येण्यासारखं सगळं केलं. गाडी बोलावली, ती आलीही, पण तोवर त्या गेल्या होत्या.

मला बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "तुम्ही म्हणालात ते केलं. आता बघायला या."

सल्ला देणाऱ्याला सहसा त्या सल्ल्याचा असा दिवस बघावा लागत नाही. मी पोहोचले तेव्हा बाई टेबलाशी बसल्या होत्या. निखिलही आला होता. बाईंनी सिस्टरना सांगितलं होतं की सगळ्यांच्या घरी कळवा, दोन दिवसांत सगळ्यांना घरी पाठवायचं. निखिलला त्या म्हणाल्या, तुझ्या मनासारखं होऊ दे. निखिलला यात जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. तो आईकडे बघत नुसता उभा होता.

दुपारी प्रधानबाईंचा मुलगा बदलापूरहून आला. चाळिशी उलटलेला, घामाने भिजलेला. तो आता काय बोलेल याची आम्हा सगळ्यांना भीती. त्याने आईचा चेहरा बघितला, बराच वेळ तिच्याजवळ बसला. मग बाहेर येऊन बाईंना विचारलं, "आई एकटी नव्हती ना?"

सिस्टर हेलन म्हणाल्या, "नाही रे बाळा. मी हात धरला होता. बाई पण होत्या."

तो मान हलवत राहिला. आईला गेल्या काही वर्षांत कधी एवढी माणसं बोलायला मिळाली नव्हती, असं म्हणाला. मग त्याने विचारलं की त्याचा जन्म कुठल्या खोलीत झाला. बाई उठल्या आणि त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे आता चालण्याच्या व्यायामासाठी दोन दांड्या बसवल्या होत्या. तो एका दांडीला हात लावून उभा राहिला. मग बाईंच्या पाया पडला आणि पुढच्या तयारीला लागला. प्रधानबाईंना त्याच लाकडी जिन्यावरून खाली नेलं. बाई वरच्या पायरीवर शेवटपर्यंत उभ्या होत्या.

तरीही त्यांचा निर्णय बदलला नाही. आत येऊन त्यांनी स्वतः एकेकाला सांगायला सुरुवात केली. सामंतांच्या खाटेशी आल्या तेव्हा म्हणाल्या की भाच्याला बोलावून घ्या, घरी जायचं आहे.

सामंत उठून बसले. "बाई, एक विचारू? या जागेतून दिवस भरल्याशिवाय तुम्ही कुणाला घरी पाठवलंत का कधी?"

पुढच्या खाटेकडे निघालेल्या बाई थांबल्या.

"इतकी वर्षं इथे तुम्ही त्याचीच वाट बघत बसलात," सामंत म्हणाले. "त्या बाईंचे भरले. माझे अजून भरायचेत. मी काय घराक जावचंय नाय."

कुणी हसलं नाही. मग पलीकडच्या खाटेवरच्या एक आजी हसल्या, आणि मग सिस्टर हेलन. बाई खुर्ची ओढून सामंतांच्या खाटेशेजारी बसल्या आणि त्या दिवसात पहिल्यांदा रडल्या. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी सामंतांचा पाय तपासला, प्लास्टर सैल झालंय म्हणून सिस्टरवर ओरडल्या, आणि पुढच्या खाटेकडे गेल्या. घरी जायचं त्यांनी नंतर कुणालाच सांगितलं नाही. त्या संध्याकाळी मित्रांनी खालून हाक मारली तेव्हा सामंतांनी खिडकी उघडून काय उत्तर दिलं असेल ते सांगायला नको. पुढे गल्लीत ते वाक्यच झालं. कुणाची तब्येत विचारली की उत्तर यायचं, अजून भरायचेत.

निखिल त्या आठवड्यात शनिवारी आला. त्यानंतरच्या शनिवारीही आला. तो यायचा, सगळ्यांचे एक्स-रे बघायचा आणि आईबरोबर जेवून जायचा. बंद करण्याचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. इमारत शेवटी रिडेव्हलपमेंटला गेलीच. पण करार करताना निखिलने पहिल्या मजल्यावर तेवढीच जागा मागून घेतली, आणि मधल्या काळासाठी जवळच एक गाळा भाड्याने बघितला. त्यात सहाच खाटा मावल्या. काही माणसांना नाही म्हणावं लागलं. जुना जिना, लोखंडी पाळणे, बाळंतशोपेचा वास, काही उरलं नाही. बाईंनी बोर्ड तेवढा काढून आणून नव्या दारावर लावला. महापालिकेचा माणूस त्यावरून हुज्जत घालून गेला. तेव्हा बोर्डाखाली बारक्या अक्षरांत खरं काय ते लिहिलं.

मी आता काम थांबवलंय. गुडघे जिने चढू देत नाहीत आणि माझं सगळं काम जिन्यांवरचं. मागच्या महिन्यात बाईंना भेटायला त्या गाळ्यात गेले. त्यांनी आता पेशंट बघणं सोडलंय, पण राहतात तिथेच, आतल्या एका खोलीत. ऐकायला कमी येतं, त्यामुळे आवाज आणखी मोठा झालाय. मला समोर बसवून त्यांनी विचारलं, "सल्लागार, तुमचा जन्म कुठला?"

परळचा, सरकारी इस्पितळातला, असं मी सांगितलं.

"म्हणजे माझ्याकडचा नाही," त्या म्हणाल्या. जरा विचार करून पुढे म्हणाल्या, "असू दे. पुढे काय झालं ते सांगा."

आयुष्यभर लोकांच्या दुकानांत, दवाखान्यांत बसून मी प्रश्न विचारले. मला कुणी असं विचारल्याचं आठवत नाही. सुरुवात कुठून करावी हेच कळेना. बाईंनी सिस्टर हेलनना हाक मारून चहा सांगितला, पाय वर घेऊन बसल्या आणि कान पुढे केला. मग मी सांगायला लागले.